‘डिनर’ म्हणजे केव्हांचें जेवण?

गेल्या वर्षीं बी. ए. च्या वर्गांत आम्ही डिकन्सची ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ ही कादंबरी शिकवीत होतों. नाताळचा दिवस आहे. लोहार जो याच्या घरीं पाहुण्यांस जेवावयास बोलाविलें आहे. आणि पळालेल्या कैद्यास घरांतील खाद्यपदार्थ चोरून नेऊन देणारा बिचारा पिप, आतां आपली चोरी उघडकीस येणार या धास्तीनें अर्धमेला झाला आहे, असा तो प्रसंग. या जेवणास डिकन्स ‘डिनर’ म्हणतो व त्याची वेळ दीड वाजतांची देतो. आम्ही सवयीप्रमाणें ‘डिनर म्हणजे रात्रीचें जेवण’ असें सांगून पुढें चाललों होतों. तोंच मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उभा राहून म्हणाला, “सर, दीड म्हणजे रात्रीचा दीड का?” वर्ग हंसला. आम्हीही हंसलों, परंतु तें हंसूं आमच्या घशांतच अडकलें. ही कादंबरी आम्ही बावीस वर्षें शिकवीत आहों. एवढ्या अवधींत एका खेड्यांतल्या लोहाराचे पाहुणे मध्यरात्रीनंतर दीड वाजतां जेवावयास कसे बसले, ही शंका आमच्या मनांत एकदांही आली नव्हती.

चूक लहान आहे, असें कोणी म्हणेल. एका जेवणाची वेळ चुकली म्हणून कादंबरीचें असें काय बिघडलें? आम्हांसही क्षणभर तसेंच वाटलें. पण घरीं येऊन तो भाग पुनः वाचला तेव्हां बरेंच कांहीं बिघडल्याचें दिसून आलें. जेवण चालू असतांनाच दारांत शिपाई येऊन उभे राहतात. त्यांच्याजवळील बेडी दुरुस्त करण्यास जो यास दोन तासांच्या आसपास वेळ लागणार असतो. घड्याळांत नुकतेच अडीच वाजून गेलेले असतात, आणि दिवस मावळण्याच्या सुमारास दलदलींत शिरून कैद्यांस घेरावयाचें असा शिपायांच्या नायकाचा बेत असतो. भट्टी पेटते, हातोडा पडूं लागतो, बाहेर हिंवाळ्यांतील आखूड दिवस सरत जातो, आणि त्या उतरत्या उजेडांत सुरू झालेला पाठलाग मशालींच्या प्रकाशांत संपतो. डिकन्सनें हा सारा उजेड मापून वांटलेला आहे. ‘डिनर’ रात्रीं नेलें कीं ही मापणी व्यर्थ जाते, आणि विद्यार्थ्याच्या हातीं केवळ ‘कांहीं शिपाई आले व कांहीं कैदी सांपडले’ एवढेंच कथानक उरतें.

तेव्हां इंग्रजी कादंबरींतील जेवणांची नांवें हा विषय वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. या नांवांचा थोडा तपास करावा, आणि त्यावरून कादंबरीकारांस कसें वाचावें व मराठींत कसें आणावें याचा कांहीं विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम शब्दांचें कूळ पाहूं. ‘ब्रेकफास्ट’ या शब्दाची फोड शाळेंतील मुलासही करतां येते. रात्रभर आपोआप घडलेला उपास मोडणें, म्हणजे ‘ब्रेकफास्ट’. ‘डिनर’ मात्र आपलें कूळ लपवून बसलें आहे. लॅटिन भाषेंत ‘जेजूनुस’ म्हणजे उपाशी. त्याच्यापासून उपास सोडणें या अर्थाचें एक क्रियापद तयार झालें व तें जुन्या फ्रेंच भाषेंतून इंग्लंडांत आलें, तेंच हें ‘डिनर’. त्याच क्रियापदाचें दुसरें रूप फ्रेंचांत ‘देज्यने’ म्हणून नांदत आहे. म्हणजे व्युत्पत्तीच्या दृष्टीनें ब्रेकफास्ट, डिनर व देज्यने या तिन्ही शब्दांचा अर्थ एकच! उपास तिघांनींही सोडला. पण एक सकाळींच राहिला, दुसरा दुपारीं जाऊन तेथून रात्रीकडे निघाला, आणि तिसरा पॅरिसांत सकाळचा दुपारीं सरकला. तो सरकल्यावर सकाळच्या खाण्यास नांव उरेना, म्हणून फ्रेंचांनीं त्यास ‘लहान देज्यने’ असें म्हणण्यास सुरुवात केली. बेल्जम, स्वित्झर्लंड व क्वेबेक येथील फ्रेंच भाषक मात्र अद्यापि जुन्या चालीनें सकाळीं देज्यने, दुपारीं दिने व रात्रीं सूपे घेतात. राजधानींतला शब्द पुढें धांवतो आणि आडगांवचा शब्द जागच्या जागीं राहतो, हा अनुभव केवळ फ्रेंचांचाच आहे असें नाहीं.

येथें आपल्याच भाषेकडे वळून पाहिलें तर मोठी मौज दिसते. ‘नाश्ता’ हा शब्द फारशी आहे, आणि फारशींत ‘नाश्ता’ म्हणजे ज्यानें कांहीं खाल्लें नाहीं तो, निरशन पोट. ‘न्याहारी’ या शब्दाचाही संबंध फारशी ‘नाहार’ या शब्दाशीं लावला जातो. त्याचाही मूळ अर्थ आहाराविना असणें असाच आहे, आणि आजच्या इराणांत ‘नाहार’ म्हणजे दुपारचें जेवण! आमचा ‘फराळ’ मूळचा फलाहार. उपासाच्या दिवशीं फळांवर राहणाऱ्या माणसाचा तो शब्द. आज दिवाळींत चकल्या, लाडू व करंज्या यांनीं भरलेल्या ताटास आपण तेंच नांव देतों. संस्कृतानें ‘प्रातराश’ व ‘सायमाश’ अशीं वेळेचीं सरळ नांवें ठेवून हा घोंटाळा टाळला होता. पण लोकांच्या जिभेवर राहिले ते उपासाचे शब्द. तात्पर्य, लॅटिन असो, फारशी असो वा मराठी असो, पोट भरण्याच्या क्रियेस माणसानें पोट रिकामें असण्याच्या स्थितीवरून नांव दिलें, आणि मग तें नांव दिवसाच्या उतारावरून हळूहळू खालीं घरंगळत जाऊं दिलें.

हें घरंगळणें कां घडलें? सतराव्या शतकांत सॅम्युएल पीप्स आपल्या रोजनिशींत मध्यान्हींचें जेवण नोंदवितो तें ‘डिनर’ म्हणूनच. पुढें श्रीमंतांचें डिनर दोनाला, तीनाला, चाराला, पांचाला गेलें, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तर प्रतिष्ठितांच्या घरीं तें संध्याकाळीं सात-आठावर येऊन ठेपलें. याचें एक कारण कामकाजाच्या वेळा बदलल्या हें होय. दुसरें कारण मानवी स्वभावांतील आहे. उशिरां जेवणाऱ्यास सकाळीं उशिरां उठणें परवडतें, आणि अंधारांत जेवणाऱ्यास मेणबत्त्या परवडतात. म्हणून उशिरांचें जेवण हें ऐपतीचें निशाण झालें. आणि निशाण म्हटलें कीं तें शेजाऱ्यापेक्षां थोडें उंच लावावें असें प्रत्येकास वाटणारच.

या शर्यतीची खरी इतिहासकार म्हणजे जेन ऑस्टिन. १७९८ च्या डिसेंबरांत आपल्या बहिणीस लिहिलेल्या पत्रांत ती सांगते कीं, आम्ही हल्लीं साडेतीनला जेवतों आणि तुमचें जेवण सुरू होण्यापूर्वींच आमचें आटोपलेलें असतें. यामुळें तुम्ही आम्हांस तुच्छ लेखाल कीं काय, अशी थट्टेची पुस्तीही ती जोडते. ती थट्टा खरी, पण निराधार नव्हे. बहीण त्या वेळीं श्रीमंत भावाच्या वाड्यांत राहात होती. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या १८१३ सालच्या कादंबरींत बिंग्लेच्या घरीं डिनर साडेसहास होतें. ही वेळ ऑस्टिन जातां जातां सांगते, आणि आमच्यासारखे वाचक तीवरून डोळे मिटून पुढें जातात. तिच्या काळच्या वाचकास मात्र एवढ्या एका आंकड्यावरून घराची किंमत कळत असे.

परंतु या विषयावरील तिचा सर्वांत तिखट प्रसंग अपुऱ्या राहिलेल्या ‘द वॉट्सन्स’ या कादंबरींत आहे. ती छापली गेली १८७१ सालीं, म्हणजे लेखिकेच्या मृत्यूनंतर चोपन्न वर्षांनीं. वॉट्सन कुटुंब गरीब पाद्र्याचें. त्यांचें डिनर दुपारीं तीनला. तीनाला पांच मिनिटें असतांना एक लॉर्ड व त्याचा मित्र टॉम मस्ग्रेव्ह भेटीस येऊन बसतात, आणि मोलकरीण चमचे-सुऱ्या घेऊन दारांत येते. बिचाऱ्या मुलींस मेल्याहून मेल्यासारखें होतें. पुढें एके रात्रीं हाच टॉम लंडनहून परततांना मुद्दाम त्यांच्या घरीं थांबतो. हेतु एवढाच कीं, चहा उरकून बसलेल्या या मुलींना आपण आतां आठ वाजतांच्या डिनरसाठीं घरीं चाललों आहों हें सहज ऐकवावें. पण गप्पांत वेळ जातो, आणि वॉट्सनांच्या सपरची तयारी सुरू झालेली पाहून गृहस्थ गडबडतो. पुढल्या जेवणास ‘डिनर’ म्हणावयाचें असा ज्याच्या जिवाचा पण, त्याच्याच समोर त्या वेळीं दुसऱ्या कोणाचें ‘सपर’ मांडलें जावें, हें त्यास कसें सहन व्हावें? जेवण तेंच, भूक तीच. पळावयाचें तें केवळ नांवासाठीं. मनुष्याचा पोकळपणा दाखविण्यास ऑस्टिनला येथें एकही विशेषण लागलेलें नाहीं. आणि हा प्रसंग मराठींत ‘टॉम रात्रींच्या जेवणास घरीं गेला व वॉट्सन मंडळीही रात्रींचें जेवण जेवलीं’ असा उतरला, तर त्यांतला विनोद कोठें शोधावा?

‘डिनर’ असें खालीं घसरल्यावर सकाळ व संध्याकाळ यांच्यामध्यें एक मोठी पोकळी पडली. ती भरण्यास ‘लंचन’ वर आलें. डॉक्टर जॉन्सनच्या १७५५ सालच्या कोशांत या शब्दाचा अर्थ मुठींत मावेल एवढा अन्नाचा तुकडा असाच दिलेला आहे. आपला ‘भाकरतुकडा’ म्हणा ना. त्या तुकड्याचें पुढें टेबलावरील जेवण झालें. तरीही दुपार लांबतच राहिली, तेव्हां १८४० च्या सुमारास सरदार घराण्यांतील स्त्रियांनीं चार-पांच वाजतां चहा व केक घेण्याची चाल पाडली. तिचें श्रेय बेडफर्डच्या डचेसला देण्याचा प्रघात आहे. पण कारखान्यांतील मजुरास चार वाजतां चहा कोठला? तो सहाला घरीं येई व चहाबरोबर मांस, बटाटे, पाव असें भरपेट जेवी. त्याचें नांवही ‘टी’, किंवा ‘हाय टी’. अशा रीतीनें ‘टी’ या एकाच शब्दाचे दोन अर्थ झाले, एक दिवाणखान्यांतला व एक स्वयंपाकघरांतला.

या भेदाची शिक्षा आम्हीं स्वतः भोगली आहे. एकदां आम्ही उत्तर इंग्लंडांतील एका गांवीं उतरलों असतां एका सद्गृहस्थांनीं साडेपांचाला ‘टी’ साठीं बोलाविलें. बिस्किटावर भागवावें लागेल या समजुतीनें आम्ही अगोदरच पोटभर खाऊन गेलों. पाहतों तों यजमानीण बाईंनीं आम्ही मांसाहार करीत नाहीं हें लक्षांत ठेवून चीज व कांदा यांची भली मोठी पाय केलेली, सोबत बटाटे, वाटाणे, पाव व लोणी! बाईंच्या आग्रहापुढें दोन घांसांवर सुटका होणें शक्य नव्हतें. आमच्याकडे मात्र हल्लीं समारंभांच्या निमंत्रणपत्रिकांवर ‘हाय टी’ हा शब्द मोठ्या डौलानें छापलेला असतो. ‘हाय’ म्हणजे उच्चकुलीन असा समज त्यामागें असावा. लँकेशायरच्या गिरणींतून थकून आलेल्या मजुराचें तें जेवण आहे, हें यजमानांस कळलें तर ते पत्रिका परत मागवितील!

विसाव्या शतकांतही हें प्रकरण मिटलें नाहीं. ॲलन रॉस या भाषाशास्त्रज्ञानें १९५४ सालीं उच्चवर्गीय व अन्य इंग्रजांच्या बोलण्यांतील भेदांवर एक निबंध लिहिला, आणि नॅन्सी मिटफर्ड या लेखिकेनें पुढच्या वर्षीं तो विषय चव्हाट्यावर आणला. त्या भेदांत दुपारच्या जेवणास कोण ‘लंचन’ म्हणतो व कोण ‘डिनर’ म्हणतो हा एक ठळक भेद होता. आजही इंग्रजी शाळांतून दुपारीं मिळणारें जेवण ‘स्कूल डिनर’ असतें व तें वाढणाऱ्या बाया ‘डिनर लेडी’ असतात. रविवारचें व नाताळचें डिनर बहुतेक घरीं दुपारींच होतें. जो याच्या घरचा दीड वाजतांचा पाट अजून उठलेला नाहीं.

या सर्व धांवपळींत आपली जागा न सोडणारा शब्द एकच, तो म्हणजे ‘ब्रेकफास्ट’. शब्द स्थिर राहिला. ताट मात्र बदलत गेलें. आज ‘संपूर्ण इंग्लिश ब्रेकफास्ट’ म्हणून जें ताट पुढें येतें त्यांत तळलेलें बेकन, तळलेलीं अंडीं, सॉसेज, डुकराचें रक्त व ओट यांचें काळें पुडिंग, टोमॅटो, अळंबीं, तळलेला पाव आणि टोमॅटोच्या रसांतील घेवडा असे जिन्नस असतात. अल्स्टरांत त्यास सोड्याच्या पावाची व बटाट्याच्या पोळीची जोड, स्कॉटलंडांत बटाट्याच्या स्कोनची व चौकोनी सॉसेजची, वेल्समध्यें समुद्रशैवाल व शिंपले यांची. मांस न खाणाऱ्यानें मात्र या ताटांतील ‘निरुपद्रवी’ वस्तूंपासूनही सावध असावें. तळलेल्या पावाची खमंग चव कोठून आली हें आम्हीं तिसऱ्या दिवशीं विचारलें, तेव्हां ती बेकनच्या चरबींतून आली होती असें कळलें.

हें ताट ‘परंपरागत’ म्हणवितें. पण परंपरेचें वय तपासून घ्यावें. टोमॅटो अमेरिकेंतला, डब्यांतील घेवड्याची गोडीही इंग्रजांस अमेरिकेनेंच लाविली. ऑस्टिनच्या काळीं सुखवस्तु घरांत सकाळीं नऊ-दहाच्या सुमारास चहा, कॉफी वा चॉकलेट आणि त्याबरोबर टोस्ट व पाव असे. न्याहारीची खरी कीर्ति तेव्हां स्कॉटलंडची होती. ओट हें इंग्लंडांत घोड्यांचें व स्कॉटलंडांत माणसांचें खाद्य, असा टोमणा आपल्या कोशांत मारणाऱ्या जॉन्सननें १७७५ सालच्या प्रवासवर्णनांत मात्र अशी कबुली दिली कीं, खवय्यानें रात्रीं कोठेंही जेवावें, सकाळची न्याहारी स्कॉटलंडांतच करावी. १८६१ सालीं मिसेस बीटनचा गृहव्यवस्थेवरील प्रसिद्ध ग्रंथ निघाला, तोंवर इंग्रजी मध्यमवर्गाच्या न्याहारींत मासे, चॉप, मूत्रपिंडें, बेकन व अंडीं हीं स्थिर झालीं होतीं. आपली खिचडीही ‘केजरी’ असें नांव घेऊन, धुरावलेला मासा व अंडीं पोटांत घालून, त्या टेबलावर जाऊन बसली. इकडे हिंदुस्थानांतील साहेब मात्र सकाळच्या चहा-टोस्टास ‘छोटी हाजरी’ व दुपारच्या खाण्यास ‘टिफिन’ म्हणूं लागला होता. हा दुसरा शब्द इंग्लंडांत विसरला गेला, आणि मुंबईंत चाकरमान्यांच्या डब्यास चिकटून राहिला.

मग दुसरें महायुद्ध आलें. ८ जानेवारी १९४० रोजीं बेकन, लोणी व साखर यांवर रेशन बसलें. बेकनवरचें रेशन उठलें तें ४ जुलै १९५४ रोजीं. चौदा वर्षें जें माणशीं दोन-चार पट्ट्यांनीं मोजलें गेलें, तें मोकळें होतांच त्याचें राष्ट्रीय दैवत झालें यांत नवल नाहीं. आज रस्त्यावरच्या साध्या उपाहारगृहांतून ‘दिवसभर ब्रेकफास्ट’ अशी पाटी असते, व दुपारीं तीनलाही तेंच ताट मिळतें. म्हणजे अखेर ‘ब्रेकफास्ट’ या शब्दानेंही वेळेशीं काडीमोड घेतली. आतां तें वेळेचें नांव उरलें नसून एका ताटाचें नांव झालें आहे.

असो. आतां या टेबलावर कादंबरीकारांनीं काय केलें तें पाहूं. कारण टीकाकाराचें काम स्वयंपाकघरांत संपत नाहीं. तीन न्याहाऱ्या आम्ही शेजारीं शेजारीं ठेवूं इच्छितों.

पहिली ऑस्टिनच्या ‘मॅन्सफील्ड पार्क’ मधील, १८१४ सालची. फॅनीचा लाडका भाऊ विल्यम व तिच्याशीं लग्न करूं इच्छिणारा धनिक हेन्री क्रॉफर्ड हे दोघे सकाळीं न्याहारी करून लंडनला निघून जातात. फॅनी रिकाम्या टेबलाशीं रडत बसते. विल्यमच्या ताटलींत थंड डुकराच्या मांसाचीं हाडें व मोहरीची चटणी उरलेली, तर क्रॉफर्डच्या ताटलींत अंड्यांचीं फुटकीं टरफलें. आरमारांत वाढलेल्या खलाशी पोराचें खाणें एक, विलासी गृहस्थाचें दुसरें. तिचा काका समजतो कीं, तिचे अश्रू हाडें व टरफलें यांत वांटले जात असतील. वाचक जाणतो कीं, टरफलांच्या वांट्यास एकही थेंब नाहीं. काकाचा गैरसमज, फॅनीचें प्रेम व क्रॉफर्डचा पराभव हें सर्व दोन उष्ट्या ताटल्यांवर मांडलें आहे. ‘तीं दोघें न्याहारी करून गेलीं’ असें भाषांतर करणारा भाषांतरकार या ताटल्या विसळून ठेवितो!

दुसरी ट्रॉलपच्या १८५५ सालच्या ‘द वॉर्डन’ मधील. आर्चडीकन ग्रँटली यांच्या घरची न्याहारी वर्णावयास ट्रॉलप पानेंच्या पानें खर्च करितो. अनेक तऱ्हांचे पाव व टोस्ट, रुमालांत गुंडाळलेलीं अंडीं, चांदीच्या झांकणाखालीं बेकन, लहान मासे, मसालेदार मूत्रपिंडें, आणि बाजूच्या मेजावर हॅम व गोमांसाचा प्रचंड तुकडा. यादी संपवून तो सांगतो कीं, इतकें असूनही हें घर आपणांस कधीं सुखाचें वाटलें नाहीं. या एका वाक्यासाठीं ती सगळी यादी होती. पैसा आहे, धर्म आहे, भूकही आहे. पण सहज आनंद म्हणून नाहीं. यादी वाचतांना ज्याच्या तोंडास पाणी सुटलें, त्यास ट्रॉलपनें पकडलेंच म्हणून समजावें.

तिसरी जॉर्ज ऑर्वेलच्या १९३७ सालच्या ‘द रोड टु विगन पिअर’ या पुस्तकांतील. हें पुस्तक कादंबरी नव्हे, पण कादंबरीकाराच्या डोळ्यांनीं पाहिलेलें आहे. विगन येथील खाणावळींत सकाळीं दोन पट्ट्या बेकन व एक फिकट तळलेलें अंडें मिळे. आणि लोणी लावलेल्या पावावर हमखास आंगठ्याचा ठसा. एके दिवशीं न्याहारीच्या टेबलाखालीं भरलेलें मूत्रपात्र दिसलें, तेव्हां त्यानें तें घर सोडलें. पदार्थ तेच, जे ग्रँटलीच्या चांदीखालीं होते. फरक त्या आंगठ्याचा. याच ऑर्वेलनें १९४६ सालीं इंग्रजी खाण्यावर एक निबंध लिहिला व त्यांत न्याहारी हें तोंडांत टाकावयाचें खाणें नसून गंभीर जेवण आहे असें आवर्जून सांगितलें. तो निबंध लिहवून घेणाऱ्या ब्रिटिश कौन्सिलनें रेशनच्या दिवसांत खाण्याविषयीं लिहिणें बरें दिसणार नाहीं म्हणून तो छापला नाहीं, व त्याबद्दल २०१९ सालीं जाहीरपणें दिलगिरी दर्शविली. न्याहारीवर प्रेम असल्यावांचून आंगठ्याच्या ठशाचा एवढा संताप येत नाहीं, हें या दोन लेखनांवरून दिसतें.

आतां भाषांतराचा प्रश्न. आमच्या जुन्या ग्रंथकारांनीं यांतून एक मार्ग काढिला होता. आगरकरांनीं १८८३ सालीं हॅम्लेटचें ‘विकारविलसित’ केलें, देवलांनीं १८९० सालीं ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ केला. माणसें, गांव, रीत सर्वच इकडचीं. असें संपूर्ण रूपांतर करणाऱ्यानें बेकनच्या जागीं थालीपीठ वाढलें तर त्याला कोणी नांवें ठेवणार नाहीं. परंतु लंडन लंडनच ठेवावयाचें, पिप पिपच ठेवावयाचा, आणि त्याच्या पुढ्यांत मात्र शिरा मांडावयाचा, ही रीत आम्हांस मान्य नाहीं. तेथें बेकन बेकनच राहूं द्यावें. न खाणाऱ्या वाचकासही तें वाचल्यानें कांहीं होत नाहीं. पण जेवणाचीं नांवें मात्र कोश पाहून नव्हे, तर घड्याळ व घर पाहून ठरवावीं. जो याचें डिनर हें दुपारचें जेवण. टॉम मस्ग्रेव्हचें डिनर मराठींतही ‘डिनर’च ठेवावें, कारण तो शब्दच त्याचा शौक आहे. वॉट्सनांचें सपर हें रात्रींचें जेवण. मजुराचें टी हें संध्याकाळचें जेवण. आणि ऑस्टिनच्या ‘मॉर्निंग’ ची सकाळ करण्यापूर्वीं दहांदा विचार करावा, कारण तिच्या जगांत डिनर होईपर्यंत ‘मॉर्निंग’ च असतें व सकाळची भेट दुपारीं दोनलाही होऊं शकते.

यावर असा आक्षेप येईल कीं, एकाच शब्दास चार ठिकाणीं चार प्रतिशब्द दिले तर वाचक गोंधळेल. आमचें उत्तर असें कीं, इंग्रज स्वतःच या शब्दांनीं गोंधळलेला आहे, भांडला आहे व लाजला आहे. आणि त्या लाजेवरच निम्मी इंग्रजी कादंबरी उभी आहे. तो गोंधळ पुसून टाकणारें भाषांतर वाचण्यास सोपें असेल, पण तें त्या कादंबरीचें भाषांतर नव्हे.

हें सर्व लिहितांना एक जुनी गोष्ट आमच्या मनास टोंचत राहिली आहे, ती सांगून लेख संपवितों. अध्यापनास प्रारंभ करून आम्हांस तीन-चारच वर्षें झालीं होतीं. सातारा जिल्ह्यांतील एका खेड्यांतून आलेल्या विद्यार्थ्यानें सुटीवरील इंग्रजी निबंधांत लिहिलें होतें कीं, वडील पहांटे शेतावर जातात, आई नऊला न्याहारी घेऊन जाते, आणि दुपारीं बांधावरच्या झाडाखालीं आम्ही सर्वजण ‘डिनर’ जेवतों. आम्हीं त्या शब्दावर तांबडी रेघ मारली व वर ‘लंच’ असें लिहिलें. एवढ्यावर न थांबतां, बांधावर डिनर जेवणारे लोक आम्हीं प्रथमच पाहिले, असें वर्गांत म्हणून त्याला हंसविलें, म्हणजे खरें पाहतां त्याच्यावर हंसविलें. त्या वर्षीं तो पुनः वर्गांत कांहीं बोलला नाहीं.

त्यानें लिहिलेला शब्द बरोबर होता. घरांतील मुख्य जेवण दुपारीं जेवणाऱ्या कष्टकऱ्याचा शब्द त्यानें वापरला होता; जो लोहारानें तोच वापरला असता. चुकलों आम्ही, आणि चुकलों तें टॉम मस्ग्रेव्हच्या बाजूस उभे राहून. आमच्या स्वतःच्या घरीं आजोबा दहाला वरणभात जेवून कचेरींत जात व त्यास ‘सकाळचें जेवण’ म्हणत. तें आम्ही विसरलों, कारण तें विसरण्यालाच आम्ही शिक्षण समजत होतों.

तो विद्यार्थी आतां कोठें आहे हें आम्हांस ठाऊक नाहीं. असता तर त्याची वही मागून घेऊन ती तांबडी रेघ आम्हीं आपल्या हातानें खोडली असती. तें होणें नाहीं. यंदाच्या वर्गांत मात्र जो लोहाराच्या घरीं दीड वाजले म्हणजे आम्ही पुस्तक मिटून थोडा वेळ थांबणार आहों, व तुमच्या घरीं दुपारच्या जेवणास काय म्हणतात, हें प्रत्येकास विचारणार आहों.